दहावीनंतरचा आराखडा: भंडाऱ्यात खर्च किती, फुकट काय

भंडारा जिल्ह्यात प्रवेशाच्या फेऱ्या आणि धानाची रोवणी एकाच वेळी तोंडावर येतात. जून-जुलैत घरातला पैसा बियाणं, खत, चिखलणी आणि रोवणीच्या मजुरीत गेलेला असतो. धान विकून पैसा हाती यायला दिवाळी उलटते आणि चुकारे रखडले तर संक्रांतही. नेमक्या त्या रिकाम्या महिन्यांत मुलगा घरी येऊन सांगतो, ‘परवापर्यंत एवढे भरायचे आहेत.’ मग उसनवारी, बचत गट, नाहीतर सावकार. पुढच्या शिक्षणाला किती लागतील हे सगळेच विचारतात. ते कोणत्या महिन्यात लागतील, हे मात्र फार थोडे विचारतात. महाग पडतो तो बहुतेक वेळा हा दुसरा, न विचारलेला प्रश्न.

त्यासाठीच प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा हवा. अमेरिकेतल्या केंटकीसारख्या काही राज्यांत सहावीपासूनच प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र अध्ययन आराखडा ठेवतात. आवड काय, विषय कोणते घेतले, पुढे कुठे जायचं आहे, हे दरवर्षी तपासून बदलतात. आपल्याकडे शाळांवर अशी सक्ती नाही. पण एक शंभर पानी वही आणि नववीपासूनच्या चार दिवाळीच्या सुट्ट्या एवढ्यात तो घरी होतो. वहीत पाच गोष्टी लिहायच्या. न सांगता मूल काय करतं. कोणत्या विषयात सलग तीन परीक्षांत बरे गुण आहेत. घरून रोज किती लांब जाता येईल. वर्षाला रोख किती देता येतील. आणि एकाऐवजी तीन वाटा, प्रत्येकीच्या तारखा आणि कागदांसह. पाचवा रकाना भरताना बहुतेक घरं अडतात, कारण पहिली वाट सोडून दुसरीचा विचार करणं अपशकुनासारखं वाटतं. डॉक्टर नाही झाला तर काय, हे विचारलं म्हणून कोणाचं डॉक्टर होणं थांबत नाही.

आधी फुकटचं

कल ओळखायला पैसे मोजायची घाई करू नका. राज्याने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. तिच्यात कृषी, वाणिज्य, कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे ते कळायचं. पुढे ती बंद पडली. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल आलं. त्याचं लॉगिन सरल आयडीवर चालतं आणि तो आयडी शाळेकडे असतो. वर्गशिक्षकांकडे मागा. ‘आमच्या शाळेत नाही’ असं उत्तर मिळालं तर मुख्याध्यापकांना भेटा, कारण सरल क्रमांक प्रत्येक मुलाचा असतो. एनसीईआरटी आणि सीबीएसईने २०१९ मध्ये नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची अभिक्षमता चाचणी तयार केली. तिच्यात पास-नापास नसतं. एनसीईआरटीने पाचशे व्यवसायांची करिअर कार्डंही काढली आहेत. कुठल्या कामाला कोणतं शिक्षण लागतं, हे एकेका कार्डावर असतं. घरात एक स्मार्टफोन आहे आणि संध्याकाळी तासभर तो मुलाच्या अभ्यासासाठी मोकळा असतो, एवढं असलं तर हे सगळं फुकट.

भंडाऱ्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’च आहे. तिथल्या मार्गदर्शनाला फी नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात राज्यभर ‘छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरं’ भरली होती. अशा शिबिरांत भाषणं फार होतात, पण प्रत्येक विभागाचं टेबल असतं. भाषणं सोडून टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठलं तर अर्ध्या तासात बरंच काम होतं.

सर्वांत उपयोगी मार्गदर्शनाला मात्र एसटीचं तिकीट लागतं. मुलाला काम चालू असलेल्या ठिकाणी न्या. आयटीआयचं वर्कशॉप, तुमसरची एखादी राइस मिल, साकोलीचं कृषी विज्ञान केंद्र, ओळखीच्या नर्सताईंचं रुग्णालय, मोहाडी-आंधळगावकडचा एखादा टसरचा माग. मोठ्या कारखान्यात आत सोडणार नाहीत, पण सुटीच्या वेळी गेटबाहेर चहाच्या टपरीवर कामगार खरं सांगतात. पगार किती, कंत्राटी किती, पाळी कशी, धोका काय. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. म्हणून तिकडे जाऊच नये असं नाही, पण धोक्याचा रकाना वहीत असावा. अशा चार-पाच भेटींना दोन माणसांचे मिळून हजार रुपयेही लागत नाहीत. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई सोबत गेली तर आणखी स्वस्त. (आई गेली तर प्रश्नही जास्त विचारले जातात, असा माझा अनुभव.)

पैसे मागणारी चाचणी

खासगी समुपदेशक चाचणी आणि बैठकीचे काही हजार रुपये घेतात. तालुक्याच्या गावात कमी, नागपुरात जास्त आणि ऑनलाइन कंपन्यांच्या ‘पॅकेज’मध्ये पाच आकडीही. घ्यायचीच असेल तर आधी तीन गोष्टी विचारा. चाचणी कोण घेणार आणि त्यांचं मानसशास्त्राचं शिक्षण काय? ती मराठीत आहे का? निकालानंतर प्रत्यक्ष बोलायला किती वेळ देणार? संगणकावरून छापून निघालेला चाळीस पानी रंगीत अहवाल म्हणजे समुपदेशन नव्हे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था अनेक वर्षं अभिक्षमता चाचण्या घेतात. तसं काम आणि बाजारातला अहवाल यांतला फरक बैठकीला बसल्यावर लगेच कळतो.

बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारी ‘डीएमआयटी’ मात्र सरळ नाकारा. शाळेत शिबीर लावून, पालकसभेत पडद्यावर चित्रं दाखवून ती विकतात. ठशांचा आणि बुद्धीचा असा संबंध असल्याला शास्त्रीय आधार नाही. शाळेने आणली म्हणून ती खरी ठरत नाही. त्या पैशांत वर लिहिलेल्या सगळ्या भेटी होतात आणि वर बारावीच्या प्रश्नपेढ्याही येतात.

वाटेवाटेचा हिशेब

सर्वांत स्वस्त आणि आपल्या जिल्ह्यात सर्वांत कमी लेखलेली वाट आयटीआयची. शासकीय आयटीआय तालुक्याच्या गावी आहे. तिची वर्षाची फी नागपूरच्या एखाद्या क्लासच्या महिन्याच्या फीपेक्षाही कमी पडते. अर्ज ऑनलाइन आणि अर्जाचं शुल्क नाममात्र. खर्च होतो तो गणवेश, बूट, हत्यारं, वह्या आणि रोजच्या येण्याजाण्यावर. एसटीचा विद्यार्थी पास जवळजवळ एक-तृतीयांश भाड्यात मिळतो आणि मुलींना बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठी पास मोफत आहे. ट्रेड निवडताना मित्र कुठे गेला ते पाहू नका, आपल्या पन्नास किलोमीटरच्या परिघात काय चालतं ते पाहा. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॉयलच्या मँगनीजच्या खाणी, जवाहरनगरला आयुध निर्माणी. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, टर्नर यांना इथे कामं आहेत. कायम नोकरीची हमी कुठेच नाही, पण शिकाऊ उमेदवारी मिळते. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. त्याखाली कोणी देत असेल तर ती उमेदवारी नव्हे, फुकटची राबणूक आहे.

आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, हा समज वहीतून खोडून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही घेता येते. वर्षं तेवढीच जातात, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर हातात विकता येण्यासारखं कौशल्य असतं. बारावी विज्ञान करून सीईटीत अडखळलेल्या मुलाच्या हातात ते नसतं.

तंत्रनिकेतनाचा हिशेब असा. शासकीय संस्थेची वर्षाची फी साधारण आठ-दहा हजारांच्या घरात, खासगीची त्याच्या कितीतरी पट. जिल्ह्यात साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पण जिल्ह्याची सीमा म्हणजे कुंपण नव्हे. लाखांदूरच्या मुलाला भंडाऱ्यापेक्षा ब्रह्मपुरी जवळ, तुमसरच्याला गोंदियाची रेल्वे सोयीची आणि पवनीचा मुलगा भिवापूर-उमरेडवरून नागपूरच गाठतो. पर्याय भरताना आधी हे अंतर मांडा. चांगलं नाव असलेल्या लांबच्या कॉलेजात खोली आणि मेस यांचा खर्च फीपेक्षा मोठा होतो आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मुलगी असेल तर गणित बदलतं. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, पण महत्त्वाची: प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. दलालाने ‘सीट पक्की करून देतो’ म्हटलं की हे आठवा. आणि माफी फक्त त्या दोन शुल्कांची आहे. वसतिगृह, जेवण, प्रवास तुमच्याच खिशातून. ‘मुलींना सगळं फुकट’ असं ऐकून गेलेली घरं ऑगस्टमध्ये मेसच्या बिलाने गांगरतात. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यात उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या अर्जाअभावी वाया जातात. आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरा. जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपूरसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत. पैसे हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येतात, म्हणून पहिल्या चार महिन्यांची तजवीज घरातूनच धरा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. सातबारा हातात असूनही तो न मागणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

आता सर्वांत महाग वाट. दहावीला नव्वद टक्के पडले की घरात एकच शब्द घुमतो: नीट. नागपूरच्या नावाजलेल्या क्लासची फी वर्षाला लाखाच्या आसपास किंवा वर, खोली आणि मेस महिन्याला सात ते दहा हजार. दोन वर्षांचे मिळून चार लाखांच्या घरात जातात. मूल पुन्हा एक वर्ष बसलं, म्हणजे ‘रिपीट’ केलं, तर दोन लाख आणखी. परीक्षेची फी त्यामानाने किरकोळ. २०२५ च्या नीटला खुल्या गटासाठी १,७००, ओबीसी व ईडब्ल्यूएससाठी १,६०० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १,००० रुपये होती. २०२४ मध्ये भंडाऱ्यालाच शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. तेव्हापासून ‘आता आपल्याच गावात लागेल’ असं बोललं जातं. तसं नाही. जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात, भंडाऱ्याच्या मुलाला वेगळा कोटा नाही आणि जुनी ७०-३० ची विभागीय वाटणीही २०२० मध्ये रद्द झाली. गावात कॉलेज आल्याचा फायदा रुग्णाला होईल. प्रवेश मात्र गुणांवरच.

चार लाख काढण्याआधी एक फुकटचा पर्याय वर्षभर वापरून पाहा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अकरावी विज्ञानच्या मुलांसाठी नागपूरचीच ‘महाज्योती’ संस्था नीट, जेईई आणि सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. दहावीच्या निकालानंतर तिची जाहिरात येते आणि मुदत चुकली की वर्ष जातं. अनुसूचित जातींसाठी बार्टी, जमातींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी गटांसाठी सारथी यांच्या जाहिराती अशाच वेळेवर पाहाव्या लागतात. माझं मत स्पष्ट आहे: अकरावीचं पहिलं सत्र घरी राहून अशा प्रशिक्षणावर काढावं, दोन सराव परीक्षांचे गुण पाहावेत आणि मगच नागपूरच्या खोलीचा विचार करावा. क्लासवाले म्हणतील, उशीर झाला. चार लाख त्यांचे नाहीत.

पोलीस भरतीची वाट आपल्याकडे रस्त्यावरच दिसते. पहाटे हायवेच्या कडेने धावणारी पोरं आणि पोरी. २०२२ ते २०२४ च्या भरतीत अर्जाची फी खुल्या गटाला ४५० आणि राखीव गटाला ३५० रुपये होती. बारावी पास, पुरुषांना उंची १६५ सेंटीमीटर, महिलांना १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १००. निवासी अकादमीची महिन्याची फी धावण्यासाठी देऊ नका, धावायला मैदान फुकट आहे. कमी पडतात ते लेखी परीक्षेतले गुण, त्यासाठी ग्रंथालयाची वर्गणी आणि दोन पुस्तकं पुरतात. मुख्य म्हणजे भरती कधी निघेल ते कोणाच्या हातात नाही. म्हणून ही वाट वहीत असावी, पण एकटी नसावी. शेजारी एखादी पदवी, आयटीआय किंवा कृषी पदविका चालू हवी.

शेतीकडे वळणाऱ्यासाठी कृषी तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर करता येते. बी.एस्सी. कृषीला सीईटी लागते आणि आपल्या भागाचं विद्यापीठ अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. हे दोन्ही खर्च मध्यम आहेत, फक्त खासगी कृषी महाविद्यालयांची फी आधी लेखी घ्या.

कागदांचा खर्च, आणि कागद नसल्याचा

माझ्या पाहण्यात सगळ्यांत मोठं नुकसान कागदांमुळे होतं. कागदांना खर्च मात्र थोडाच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे सगळे आपले सरकार सेवा केंद्रावर मिळतात. एकेकाचा सरकारी दर शंभर-दीडशेच्या आतबाहेर असतो आणि दरफलक केंद्रात लावलेला असायला हवा. निकालानंतरच्या आठवड्यात याच दाखल्याचे पाचशे-हजार मागणारे भेटतात. पावती मागितली की बहुतेक वेळा रक्कम खाली येते. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असतील तर नकार द्या. शैक्षणिक कामाच्या अशा दाखल्यांवरचं मुद्रांक शुल्क राज्याने मार्च २०२५ मध्ये माफ केलं आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ठरलेलं आहे आणि उशीर झाला तर अपील करता येतं.

जात वैधतेचं वेगळं. अकरावी विज्ञानात असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. बारावीनंतर केला तर प्रमाणपत्र प्रवेशाच्या तारखेआधी मिळेलच असं नाही, आणि राखीव जागा हातून जाते किंवा खुल्या गटाची फी भरावी लागते. तो फरक वर्षाला हजारोंचा, कधी लाखाचा असतो. वडिलांच्या बाजूचा जुना पुरावा शोधायचा असतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नकल, जुना महसुली कागद यांतलं काहीतरी. इथे आपल्या जिल्ह्याची एक खोच आहे. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होतं, त्यामुळे आजोबा तिरोडा-गोरेगावकडचे असतील तर कागद तिकडच्या तहसील आणि शाळांतून काढावे लागतात. तुमसरच्या सीमेवरचं घराणं मूळचं बालाघाटकडचं असेल, तर महाराष्ट्रातल्या सवलतींचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. हे नववीतच तहसील कार्यालयात विचारून घ्या. ही शोधाशोध दिवाळीच्या सुट्टीत होते. जूनमध्ये होत नाही, तेव्हा बाप बांधीत असतो.

नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचे दाखले ३१ मार्चच्या हिशेबाने चालतात. जानेवारीत काढलेला दाखला जुलैत बाद ठरू शकतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये, पुढच्या मार्चपर्यंत चालेल असा काढा. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बघा. महाडीबीटी पोर्टलवरून मिळणाऱ्या योजनांचे पैसे त्याच खात्यात येतात आणि खातं जोडलेलं नसेल तर मंजूर शिष्यवृत्तीही अडून बसते. घरात आठवीतलं मूल असेल तर एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,००० मिळतात. दहावीला ६० टक्के राखावे लागतात.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. नोंदणीचे शंभर रुपये. गावातलं कॉलेज असलं तरी पसंतीक्रम भरावाच लागतो. तो सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका, स्वतः शेजारी बसा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

पैसा कमी पडलाच तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा विचार सावकाराआधी करा. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत घरचा हिस्सा मागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण लागत नाही. मॅनेजरने शेत लिहून मागितलं तर नियम दाखवायला सांगा. पण कर्ज अभ्यासक्रमासाठी काढा. क्लाससाठी कर्ज काढणं मला तरी मान्य नाही.

फी भरली आणि मन बदललं तर

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोळा वर्षांखालच्या, म्हणजे दहावी न झालेल्या मुलाला क्लासने प्रवेश देऊ नये, मध्येच फी वाढवू नये, आणि मुलाने अर्ध्यात सोडलं तर उरलेल्या काळाची फी, वसतिगृहाची असेल तर तीही, दहा दिवसांत परत करावी. आठवी-नववीचं ‘फाउंडेशन’ विकणाऱ्याला हे वाक्य वाचून दाखवा. जाहिरातीतल्या टॉपरांच्या फोटोंबद्दल १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. निवडीची हमी देता येत नाही, यशस्वी मुलाने नेमका कोणता कोर्स घेतला होता ते लपवता येत नाही. तुमच्या मुलाला हॉस्टेलवर एक महिन्यात करमलं नाही, तर तो दोष नाही आणि संपूर्ण वर्षाचे पैसे बुडाले असंही नाही.

म्हणून फी एकदम भरू नका, हप्ते मागा, आणि शक्य असेल तर एक हप्ता धानाचे चुकारे येण्याच्या महिन्यात पाडून घ्या. अनेक ठिकाणी मागितला तर मिळतो, कोणी मागत नाही एवढंच. रोख दिली तरी पावती घ्या. तिच्यावर क्लासचं पूर्ण नाव, तारीख, कशाची किती रक्कम आणि परतीची अट हवी. मॅनेजर तोंडी सांगेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. पैसे अडकले तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे सुटलं नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. लागते ती पावती. ती नसेल तर फी भरू नका.